चार नावं, एक चूल

"लॅपटॉप आला म्हणे!" काकूंनी भिंतीपलीकडून विचारलं. खोक्यातला थर्माकोल अजून आमच्या दिवाणखान्यात उडत होता, पण आमच्या गल्लीत कुरियरवाला वळायच्या आधी बातमी वळते.

"आला, आणि आल्यापासून अंगावर येतोय. उघडला की लाल पाटी. म्हणे तुमचं संरक्षण संपत आलंय, आत्ताच पैसे भरा."

"नवाकोरा लॅपटॉप आणि संरक्षण संपत आलं? कुणाची पाटी आहे?"

"मॅकॅफीची."

"हां!" काकूंनी हातातली कढीपत्त्याची डहाळी भिंतीवर ठेवली. विषय मिळाला होता.

आमच्या काकू बँकेत होत्या. शाखेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा "हे बायकांचं काम नव्हे" असं म्हणणाऱ्या साहेबांना निवृत्त होईपर्यंत प्रिंटआउट काकूच काढून देत होत्या. त्यामुळे गल्लीत कुणाच्या सुनेचं काय चाललंय याच्याइतकीच खात्रीची माहिती त्यांना कुठल्या सॉफ्टवेअर कंपनीचं काय चाललंय याचीही असते. आणि सांगायची पद्धत एकच.

"त्या मॅकॅफीच्या मूळ मालकाची गोष्ट माहितीये का तुला? जॉन मॅकॅफी. स्वतःच्या नावाने कंपनी काढली, भरपूर पैसा केला, आणि १९९४ साली बाहेर पडला. मग कुठे बेलीझ नावाच्या देशात जाऊन राहिला. तिथे शेजाऱ्याचा खून झाला, पोलिस ह्याला प्रश्न विचारायला शोधतायत, तर हा पळाला ग्वाटेमालात. शेवटी २०२१ मध्ये स्पेनच्या तुरुंगात वारला. मधे कधीतरी त्याने एक व्हिडिओपण काढला होता, मॅकॅफी कॉम्प्युटरवरून काढून कसा टाकायचा. स्वतःच्याच नावाचं सॉफ्टवेअर!"

"बाई गं! मग हे ठेवायचं की काढायचं?"

"कंपनीचा त्याच्याशी संबंध कधीच तुटलाय, त्याच्या पापाचं खापर तिच्यावर नको. सॉफ्टवेअर वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण ते तुझ्या लॅपटॉपवर तू मागितलं म्हणून आलेलं नाही. लॅपटॉप बनवणाऱ्यांना पैसे मिळतात हे आधीच भरून द्यायचे. थोडे दिवस फुकट, आणि मग लाल पाटी. भीती वाटली की माणूस कार्ड काढतो."

माझ्याकडे तोवर सल्ल्यांचा ढीग साठला होता. नणंदेचे यजमान म्हणाले होते, नॉर्टनच घ्या, महाग आहे पण नाव आहे. भाचा म्हणाला, कशाला पैसे घालवता, अवास्ट फुकट आहे. मुलाच्या क्लासमधल्या सरांचं मत एव्हीजीला. आणि जर्मनीत राहणारी मैत्रीण अविराचं गुणगान गात होती. मी हे सगळं काकूंना सांगितलं, तर त्या भिंतीला धरून हसायला लागल्या.

"अगं, हे चौघं एकाच घरात राहतात!"

"म्हणजे?"

"अवास्ट आणि एव्हीजी, दोघं मूळचे चेक. अवास्टने २०१६ साली एव्हीजीला घेतलं. तिकडे नॉर्टनवाल्यांनी अविराला घरात आणलं. आणि २०२२ मध्ये नॉर्टन आणि अवास्ट यांचंच जमलं. नव्या घराच्या दारावर पाटी लागली जेन डिजिटल. चार नावं, एक चूल. तुझ्या नणंदेचे यजमान आणि तुझा भाचा तासभर वाद घालतील, आणि दोघांचे पैसे जायचे ते एकाच घरात."

"भाचा पैसे देतच नाही."

"तो वेगळ्या रूपात देतो. अवास्टचं एक प्रकरण झालं होतं. लोक कुठल्या वेबसाइटवर जातात, काय बघतात, ते सगळं गोळा करून त्यांची जंपशॉट नावाची एक कंपनी होती, ती विकायची. बोभाटा झाला तशी २०२० मध्ये जंपशॉट बंद केली. पण अमेरिकेच्या व्यापार आयोगाने पाठ सोडली नाही. २०२४ मध्ये एक कोटी पासष्ट लाख डॉलर भरायला लावले. आता बोल. घरात कोण येतंय जातंय ते बघायला ज्याला ठेवला, त्यानेच ती यादी बाजारात नेली."

मला कॅस्परस्कीचं विचारायचं होतं, कारण जुन्या लॅपटॉपवर तोच होता आणि त्याने कधी त्रास दिला नव्हता. काकूंनी ते दोन वाक्यांत उरकलं. माल चांगला, पण घर रशियातलं. युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर २०२२ मध्ये जर्मनीच्या सरकारी खात्याने सावध केलं आणि २०२४ मध्ये अमेरिकेने विक्रीच बंद केली. आपल्याकडे मिळतो, ज्याने त्याने ठरवावं.

"आणि आपला पुण्याचा?" मी विचारलं. "क्विक हील?"

इथे काकूंचा आवाज बदलला. मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

"त्याची गोष्टच वेगळी. कैलास काटकर. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचा मुलगा. दहावी झाला आणि पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागला. आमच्या बँकेसारख्या ठिकाणी तेव्हा टेबलाटेबलावर कॅल्क्युलेटर, म्हणजे दुरुस्तीला तोटा नाही. मग कॉम्प्युटर आले, तर गडी तेही उघडायला शिकला. धाकटा भाऊ संजय, मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होता. दुरुस्तीला येणाऱ्या मशिनी बघाव्यात तर निम्म्यांना आजार फ्लॉपीतून आलेला. तर धाकट्याने तो काढायचा प्रोग्रॅम लिहिला. १९९५ मध्ये क्विक हील बाजारात आलं. २०१६ मध्ये शेअर बाजारात गेले. कॅल्क्युलेटरच्या पेचकसापासून!"

"दोघं भाऊ म्हणजे कमालच."

"भावांवरून आठवलं. पीसीवर पसरलेला पहिला मोठा व्हायरस, ब्रेन, तोही दोन भावांचाच. लाहोरचे. बासित आणि अमजद फारूक अल्वी. १९८६ सालची गोष्ट. त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं, त्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरच्या लोक चोरून कॉप्या करायचे. म्हणून यांनी फ्लॉपीत हे घालून दिलं. आणि गंमत म्हणजे आत स्वतःचं नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर! ज्याला लागण होईल त्याने येऊन भेटावं म्हणून. जगभरातून फोन यायला लागले. असा सज्जन व्हायरस पुन्हा झाला नाही."

एवढ्यात वरच्या गॅलरीतून आप्पांचं डोकं दिसलं. आप्पा कुठल्याही चर्चेत मधूनच येतात आणि मधूनच जातात.

"मी तर बुवा दोन ठेवलेत," ते वरून म्हणाले. "एकाच्या नजरेतून सुटलं तर दुसरा पकडतो."

"आणि लॅपटॉप सुरू व्हायला किती वेळ लागतो, आप्पा?"

"आंघोळीला जाताना बटण दाबतो. पूजा आटपेपर्यंत तयार असतो."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "ऐकलंस? अँटिव्हायरसचं काम काय, प्रत्येक फाइल उघडताना आत डोकावून बघायचं. दोघं असले की एक फाइल उघडतो, दुसऱ्याला वाटतं ही कोणी उघडली, म्हणून तो बघतो. पहिला म्हणतो, हा कोण. बिचारा लॅपटॉप ह्यांच्यातच दमतो. दोन नकोतच. आणि तुला तर एकही विकत घ्यायचा नाहीये."

हे ऐकून मी चक्रावले. एवढं कुळपुराण सांगून झाल्यावर घ्यायचा नाही?

"विंडोजमध्येच आहे ना तो डिफेंडर. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून विंडोजच्या पोटातच असतो. आधी त्याला कुणी विचारत नव्हतं, परीक्षेत कायम मागे. जर्मनीत माग्देबुर्गला एव्ही-टेस्ट म्हणून संस्था आहे, ती सगळ्यांची परीक्षा घेते. पकडतो किती याचे सहा गुण, कॉम्प्युटर संथ करत नाही ना याचे सहा, आणि चांगल्या फाइलींना उगाच चोर म्हणत नाही ना याचे सहा. गेली काही वर्षं डिफेंडर तिथे पैसेवाल्यांच्या बरोबरीने असतो. फक्त दुसरा अँटिव्हायरस घरात आला की तो आपणहून बाजूला होतो. म्हणून तू आधी मॅकॅफी काढ. सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या यादीत जाऊन अनइन्स्टॉल. डेस्कटॉपवरचं चिन्ह पुसून काही होत नाही. मग लॅपटॉप बंद करून चालू कर, आणि विंडोज सिक्युरिटी उघडून बघ, हिरवी खूण आली का."

"संपलं?"

"अँटिव्हायरसचं संपलं. आता मला सांग, मेल कशात बघणार आहेस?"

मी म्हटलं, कशात म्हणजे काय, जे उघडेल त्यात.

काकू एकदम गंभीर झाल्या. "हेच. महिनाभर अँटिव्हायरसवर परिसंवाद, आणि मेल जे उघडेल त्यात! अगं, चोर येतो तो मेलमधूनच. आमच्या ऑफिसातली गोष्ट सांगते. मे २०००. आमचे एक साहेब होते, नाव नको घ्यायला. इतके कडक की त्यांच्यासमोर शिंकायची चोरी. एका सकाळी त्यांच्याकडून झाडून सगळ्या स्टाफला मेल. विषयाच्या जागी लिहिलेलं, आय लव्ह यू."

"काय सांगता!"

"खोटं नाही. सोबत एक प्रेमपत्र जोडलेलं. कॅशमधला एकजण घाबरून पाणी प्यायला गेला. डिस्पॅचच्या बाईंनी तर उत्तर टाइप करायला घेतलं होतं."

"आणि शिपाई?"

"त्याला मेलच नव्हती, म्हणून तो वाचला. बाकी ज्याने ज्याने ते पत्र उघडलं, त्याच्या नावाने पुढे सगळ्यांना आय लव्ह यू. आउटलूकमधली पत्त्यांची वही उघडून व्हायरस स्वतःच मेल पाठवत सुटला. साहेबांनीही ते असंच कुठल्याशा दुसऱ्या साहेबांकडून आलेलं उघडलं होतं, म्हणजे विचार कर! मशिनीवरचे फोटो गेले ते वेगळेच. फिलिपीन्समधल्या एका पोराचं काम ते. त्या देशात तेव्हा असा कायदाच नव्हता, म्हणून सुटला."

"पण लोकांनी उघडलं कशाला?"

"एक तर आय लव्ह यू म्हटल्यावर कोण थांबतं. दुसरं, फाइलीच्या नावाशेवटी टीएक्सटी दिसत होतं, म्हणजे साधं पत्र. त्याच्याही पुढे डॉट व्हीबीएस होतं, म्हणजे प्रोग्रॅम. ते विंडोजने लपवलेलं. आजही विंडोज ते शेपूट लपवूनच ठेवतं. तू आज पहिलं काम ते कर. फाइल एक्स्प्लोरर उघड, वर व्ह्यू, त्यात शो, त्यात फाइल नेम एक्स्टेन्शन्स, तिथे टिकमार्क. बिलाच्या नावाने आलेल्या पीडीएफमागे ईएक्सई दिसलं, की समजायचं बिल नव्हे."

आप्पा वरून म्हणाले, "हल्ली तसे व्हायरस कुठे येतात?"

"हल्ली फाइलपण लागत नाही, आप्पा. नुसती चिठ्ठी येते. चिठ्ठीत व्हायरस नसतोच, मग अँटिव्हायरस पकडणार काय? पलीकडच्या सोसायटीतल्या त्या निवृत्त साहेबांना काय आलं होतं? तुमच्या अँटिव्हायरसचं नूतनीकरण झालंय, खात्यातून अमुक हजार जातायत, नको असेल तर या नंबरवर फोन करा. साहेबांकडे तो अँटिव्हायरस कधी नव्हताच. तरी हजारांचा आकडा बघून फोन केला. पलीकडचा पोरगा अगदी नम्र. पैसे परत देतो म्हणाला, फक्त हे छोटंसं ॲप उतरवून घ्या. ते उतरवलं आणि माउस आपोआप हलायला लागला."

"गेले किती?"

"ते सांगत नाहीत. म्हणजे बरेच." काकूंनी आवाज खाली आणला. "सूनबाईंनी १९३० ला फोन लावला म्हणून थोडे गोठवता आले. तो नंबर फ्रिजवर लिहून ठेव. पहिल्या तासात फोन केला तर काही उपयोग होतो, दुसऱ्या दिवशी नुसती तक्रार होते. आणि हे असले पोरगे कुठे परदेशात बसलेले नसतात हं. मीरा रोडला २०१६ मध्ये पोलिसांनी कॉल सेंटरच पकडलं होतं, तिथून अमेरिकेतल्या लोकांना करखात्याच्या नावाने धमकावत होते."

त्यावर आप्पा आत गेले. बहुधा दोनपैकी कुणाचं तरी नूतनीकरण तपासायला.

मी मुद्द्यावर आणलं. माझ्याकडे दोन पत्ते आहेत, एक घरचा जीमेलचा आणि एक मी ज्या सोसायट्यांचे हिशेब लिहिते त्या कामाचा. नव्या लॅपटॉपवर आउटलूकचं चिन्ह आधीच आहे. त्यात दोन्ही घातले की झालं ना?

"होईल. पण काय होतंय ते माहीत असू दे. विंडोजमधलं जुनं साधं मेल ॲप ३१ डिसेंबर २०२४ ला बंद केलं आणि त्या जागी हे नवं आउटलूक बसवलं. फुकट वापरलंस तर मेलच्या यादीत मधेच जाहिरात येते, तीही मेलचाच वेश करून. आणि जीमेल त्यात जोडलंस, की तुझ्या टपालाची प्रत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर जाते. विचारतात तसं. आपण न वाचता कंटिन्यू दाबतो. आता गुगलकडे टपाल आहेच. ते आणखी एका घरी कशाला न्यायचं?"

"गुगल तरी कुठे धुतल्या तांदळाचं?"

"नाहीच. टपाल वाचून जाहिराती दाखवायचे की. २०१७ मध्ये म्हणाले, आता जाहिरातींसाठी नाही वाचणार. पण एकाकडे गेलंय म्हणून दुसऱ्यालाही द्यायचं असं थोडंच आहे? तू थंडरबर्ड घे."

थंडरबर्ड माझ्या कानावर होतं, पण ते बंद पडलं अशी माझी समजूत होती.

"मधे पडल्यासारखं झालं होतं. फायरफॉक्सवाल्या मोझिलाचं ते. २००४ पासून आहे, देणग्यांवर चालतं. आपल्या मंडळाची पोरं वर्गणी दिली नाही तर बोल लावतात, हे लावत नाहीत. आता परत जोर धरलाय, अँड्रॉइड फोनवरही आलंय. त्याचं मला काय आवडतं सांगू? मेलमधली चित्रं ते आपोआप आणत नाही. जाहिरातवाल्या मेलमध्ये एक दिसणारही नाही एवढं चित्र असतं, ते उघडलं की पाठवणाऱ्याला कळतं, बाईंनी मेल वाचली, अमुक वाजता वाचली. थंडरबर्ड आधी विचारतं. आणि जीमेल जोडताना पासवर्ड त्याला लिहून द्यायचा नाही, गुगलचीच खिडकी उघडते, तिथे द्यायचा."

मग काकू थोड्या हळव्या झाल्या. "माझं पहिलं मेलचं सॉफ्टवेअर युडोरा. डायल-अपचा तो कर्कश आवाज संपला की हे उघडायचं. स्टीव्ह डॉर्नर नावाच्या माणसाने १९८८ मध्ये लिहिलं आणि युडोरा वेल्टी या लेखिकेचं नाव दिलं, कारण तिची पोस्टात राहणाऱ्या बाईवर एक कथा आहे. अशी नावं ठेवणारे लोक गेले गं. आता सगळ्यांची नावं औषधांसारखी."

मी म्हटलं, काकू, ते आयमॅप आणि पॉप विचारतात, तिथे काय निवडू?

"आयमॅप. डोळे मिटून. पॉपने आमच्या घरात महाभारत घडवलंय. आमच्या ह्यांनी स्वतःच्या मशिनीवर पॉप लावलं आणि 'सर्व्हरवर ठेवू नका' ला टिक केली. मेल आली की ह्यांच्या मशिनीत उतरायची आणि सर्व्हरवरून गायब. फोनवर बघावं तर पेटी रिकामी. हे म्हणायचे, मला कुणी विचारतच नाही हल्ली. आठवडाभर रुसले. पत्रं मात्र सगळी ह्यांच्याच टेबलावर! आयमॅपला टपाल सर्व्हरवर राहतं, फोन असो की लॅपटॉप, तेच दिसतं. पण एक आहे. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. म्हणून आयमॅप म्हणजे बॅकअप समजू नकोस. हिशेबाच्या मेल वर्षअखेरीला थंडरबर्डच्या लोकल फोल्डर्समध्ये कॉपी करून ठेव आणि ती फाइल पेनड्राइव्हवर. गुगलचे पंधरा जीबी फोटो, ड्राइव्ह, मेल सगळ्यांत मिळून आहेत. नातवाच्या बारशाचे व्हिडिओ भरले, की सोसायटीच्या ऑडिटरची मेल परत जाते."

ही शेवटची गोष्ट गेल्या मार्चमध्ये गल्लीत कुणाकडे घडली ते मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं, त्यामुळे नाव निघालं नाही.

"आणि सॉफ्टवेअर कुठलंही घे, मेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लाव. बँकेचा पासवर्ड विसरला की दुवा कुठे येतो? मेलवर. विजेच्या बिलाचा, रेल्वेच्या तिकिटाचा, सगळ्यांचा. मेल एकदा दुसऱ्याच्या हातात गेली, की बाकीचं तो सावकाश बसून उघडतो. तुझ्या जीमेलला रिकव्हरी नंबर कुठला आहे?"

मी आठवून बघितलं. सासऱ्यांचा जुना नंबर. तो बंद करून बरेच दिवस झाले होते.

"बंद पडलेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्याला देते. म्हणजे तुझ्या घराची किल्ली आता कुणा अनोळख्या माणसाच्या खिशात आहे, त्याला बिचाऱ्याला पत्ता नाही एवढंच. आज बदल तो."

कुकरची शिट्टी झाली. काकूंनी डहाळी उचलली, मीही वळले. वळता वळता मला सुचलं ते विचारलं.

"म्हणजे काकू, तुमच्या लॅपटॉपवरही नुसता डिफेंडरच?"

काकू जरा घुटमळल्या. "नाही. माझ्याकडे क्विक हील आहे. दरवर्षी पैसे भरते."

"अहो, आत्ताच तर म्हणालात, विकत घ्यायची गरज नाही!"

"तुला नाहीच. माझं माहेर रहिमतपूरचं."